गोल्फमध्ये सातत्य येत नाहीये? राउंड बिघडवणाऱ्या या चुका टाळा

एका रविवारी ८९ फटके, पुढच्या रविवारी १०४. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सात नंबरचं आयर्न मस्त लागतंय आणि कोर्सवर तिसऱ्या होलपर्यंत दोन बॉल झाडीत. हे ज्यांना होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून आपल्या पनवेल, उरण, पेण, अलिबागकडच्या मंडळींसाठी, जी पहाटे उठून खारघरला सिडकोच्या कोर्सवर जातात, आठवड्यातून जेमतेम एकदा खेळायला मिळतं आणि तो एक दिवस बिनसला की पुढचा आख्खा आठवडा डोक्यात तेच चालू. सगळे एकच बोलतात, "माझा स्विंग गेला." मला ठाम वाटतं की बहुतेक वेळा स्विंग कुठेही गेलेला नसतो. एक शॉट वाईट जातो, तो सगळ्यांचाच जातो, पण त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत आपण जे करतो त्याने कार्डावर ५ च्या जागी ८ येतात. खालच्या सगळ्या चुका त्या पाच मिनिटांतल्या किंवा त्यांची तयारी न करण्याच्या आहेत.

हँडिकॅप म्हणजे रोजचा स्कोअर असं समजणं

इथून सुरुवात करतो कारण निम्मं दडपण इथेच तयार होतं. पार म्हणजे एखादा होल किंवा कोर्स चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत संपवावा तो आकडा, आणि हँडिकॅप म्हणजे त्यावर तुम्हाला मिळणारी फटक्यांची सवलत. हँडिकॅप १८ असलेला माणूस पार ७२ च्या कोर्सवर गेला की त्याला वाटतं आज ९० व्हायलाच पाहिजेत, ९५ झाले की तोंड उतरतं. पण २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे ती काय करते बघा, तुमच्या शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ घेते आणि त्यांची सरासरी काढते. बाकीचे १२ त्या सरासरीत येतच नाहीत. म्हणजे हँडिकॅप सांगतो तुम्ही चांगल्या दिवशी काय खेळू शकता ते, आणि बहुतेक दिवशी तुम्ही त्याच्यापेक्षा दोन-चार-पाच जास्तच मारणार, हे त्या पद्धतीतच धरलेलं आहे. ९५ हा वाईट दिवस नाहीये, तो तुमचा नेहमीचा दिवस आहे. हे एकदा डोक्यात नीट बसलं ना की चौथ्या होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) झाली तरी जीव घाबरा होत नाही.

आणखी एक. हँडिकॅपसाठी एका होलचा स्कोअर पार अधिक २ अधिक त्या होलवर सवलतीत मिळणारे स्ट्रोक (फटके), याच्या वर धरत नाहीत. १८ वाल्याला प्रत्येक होलवर एक स्ट्रोक मिळतो, म्हणजे पार ४ वर ११ झाले तरी हँडिकॅपच्या हिशोबात ७ च. स्ट्रोकप्लेच्या स्पर्धेत ११ पूर्ण मोजतात हे खरं, पण रोजच्या खेळात एका होलने सगळं संपलं असं मानून पुढचे नऊ होल पाय ओढत खेळणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

चालू राउंडमध्ये स्विंगची दुरुस्ती

ही सगळ्यात महागाची चूक, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. पहिला ड्राइव्ह स्लाइस होतो (उजवीकडे वळतो), लगेच ग्रिप बदलतात, दुसरा डावीकडे जातो, मग बॉलची जागा बदलतात, मग फोरबॉलमधला (सोबत खेळणाऱ्या चौघांतला) कोणीतरी "डोकं वर येतंय तुमचं" असं सांगतो, मग डोकं धरून ठेवतात आणि सहाव्या होलपर्यंत डोक्यात पाच सूचना एकदम चालू असतात. घाटात चालत्या एसटीचं चाक बदलायला घेण्यासारखं आहे हे.

सियन बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी गोल्फच्या पटिंगवरच (बॉल हलकेच ढकलून भोकात घालण्यावर) यासंबंधी प्रयोग केलेत. सरावलेल्या खेळाडूंना स्ट्रोकच्या तंत्राकडे लक्ष द्यायला लावलं की त्यांचं पटिंग बिघडतं, आणि नवशिक्यांचं उलट, त्यांना तंत्राकडे लक्ष दिल्याचा फायदा होतो. म्हणून तुम्ही सहा महिन्यांपूर्वी क्लब हातात घेतला असेल तर खुशाल विचार करा, पण तीन-चार वर्षं खेळताय तर कोर्सवर तंत्राचा विचार तुमच्या हाताच्या आड येतो. दडपणात माणूस नेमकं हेच करतो, जे आपोआप होत होतं त्याच्यावर पहारा बसवतो.

मग करायचं काय? आज बॉल उजवीकडे जातोय ना, जाऊ दे, आज डावीकडे नेम धरा आणि तो उजवीकडे येईल हे धरून खेळा. वॉर्मअपला सगळे बॉल २० यार्ड उजवीकडे वळत असतील तर आजचा तुमचा शॉट तोच आहे, बाजारात आज जी मासळी आली तीच घरी न्यायची. अख्ख्या राउंडसाठी एकच विचार ठेवा, तोही तालाचा, कोनाचा नको. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ घेतो आणि घाबरल्यावर आपला पहिला हाच ताल मोडतो, वरून खाली येताना झटका बसतो. "सावकाश वर" एवढं मनात म्हटलं तरी पुरतं. बाकीचं जे काही सुधारायचं ते घरी लिहून ठेवा आणि रेंजवर काढा. आणि न विचारता सल्ला देणाऱ्या काकांना नम्रपणे सांगा, "काका, राउंड झाल्यावर चहाला बसू तेव्हा सांगा." रागावत नाही कोणी.

वाईट शॉट लगेच वसूल करायला जाणं

बॉल झाडीत, समोर दोन फांद्यांमधून ग्रीन (झेंड्याभोवतीची हिरवळ) दिसतंय, आणि मन म्हणतं की बसला तर पार. इथे १९९९ चं ब्रिटिश ओपन आठवा, कारनूस्टी. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन स्ट्रोकने पुढे, पार ४, सहा मारले तरी विजेता. त्याने टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, घेतला, मग दोन नंबरच्या आयर्नने ग्रीनवर जायला गेला, बॉल प्रेक्षकांच्या स्टँडला लागून उसळला, गवतात गेला, तिथून ओढ्यात, शेवटी ७ झाले आणि प्लेऑफमध्ये हरला. तो जगातल्या चांगल्या व्यावसायिकांपैकी होता. आपण तर आठवड्याला एकदा खेळणारे.

झाडीतून आडवा, फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर), वेजने (बॉल उंच उचलणाऱ्या क्लबने). कंटाळवाणं वाटतं पण बोगी पक्की, वाईटात वाईट डबल. फांद्यांमधला शॉट दहात एकदा बसतो, उरलेल्या नऊ वेळा ७-८ होतात. स्कोअरकार्डवर एक बारीक खूण करायची सवय लावा, जिथे वाईट शॉटच्या पाठोपाठ दुसरी चूक झाली तिथे फुली. राउंड झाल्यावर फुल्या मोजा. बहुतेकांचे ९० आणि १०० मधले दहा स्ट्रोक त्या फुल्यांतच सापडतात, ड्रायव्हरमध्ये नाही.

बंकरबद्दलही (वाळूच्या खड्ड्याबद्दल) सांगतो, कारण हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. बंकरमधून दोन प्रयत्नांत निघाला नाही की डोकं फिरतं आणि तिसरा बॉल ग्रीनच्या पलीकडे जातो. २०१९ पासून बॉल अनप्लेएबल (खेळता न येण्यासारखा) घोषित करून दोन पेनल्टी स्ट्रोकमध्ये तो बंकरच्या बाहेर, झेंडा आणि बॉल यांच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो. दोन स्ट्रोक जास्त वाटतात, पण वाळूत पाच मारण्यापेक्षा स्वस्तच.

पहिल्या टीवरची घाई

मागे दोन ग्रुप उभे, कोणी ओळखीचं बघतंय, हातात ड्रायव्हर. छातीत धडधडतं, श्वास वरच्या वर, ग्रिप करकचून. धडधड थांबवायला जाऊ नका, ती थांबत नाही आणि थांबायची गरजही नाही, मोठमोठ्यांची थांबत नाही. २०११ च्या मास्टर्समध्ये रोरी मॅकलरॉय शेवटच्या दिवशी चार स्ट्रोकने पुढे असून ८० मारून बसला, आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ स्ट्रोकने जिंकला. दडपण आलं म्हणून खेळ संपत नाही. आपल्याला फक्त शरीराला थोडं सावरायचंय. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायला, असं दोन-तीनदा. मग मुठी एकदा घट्ट आवळायच्या आणि सोडायच्या, ग्रिप आपोआप हलकी येते.

आणि पहिल्या टीवर ड्रायव्हरच पाहिजे असं कुठे लिहिलंय? पाच नंबरचं आयर्न, नाहीतर हायब्रिड, जो क्लब झोपेतही बरा लागतो तो घ्या. शॉटआधीचा क्रम दर वेळी तोच ठेवा, मागून टार्गेट बघणं, एक प्रॅक्टिस स्विंग, उभं राहणं, एकदा टार्गेट, एकदा बॉल, मारणं. दडपणात हा क्रम एकतर दुप्पट लांबतो नाहीतर निम्मा होतो, सरावाच्या वेळी मोबाइलवर वेळ लावून बघा तुम्हाला किती सेकंद लागतात.

टीऑफच्या पाच मिनिटं आधी गाडीतून धापा टाकत उतरणाऱ्यांना वरचं काहीच उपयोगी पडणार नाही. सायन-पनवेल हायवेचा भरवसा धरू नका, अर्धा तास आधी पोचा.

सराव सगळा ड्रायव्हरचा

रेंजवर शंभर बॉलची बादली, त्यातले सत्तर ड्रायव्हरने, एकाच जागेवरून एकाच दिशेला. मग कोर्सवर ते जमत नाही यात नवल काय, कोर्सवर तोच शॉट लागोपाठ दोनदा येतच नाही. रेंजवर दर बॉलला क्लब आणि टार्गेट बदला, मधे थांबा, पूर्ण क्रम करून मारा, चाळीसच बॉल मारा.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक चौथी आली, एका स्ट्रोकने पदक हुकलं. ड्राइव्हच्या अंतरात ती इतरांच्या खूप मागे होती, पण शॉर्ट गेम आणि पटरच्या जोरावर चारही दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली. हौशी खेळाडूने तिचा खेळ बघावा.

पटिंगला कोर्स लागत नाही. पडवीत सतरंजी अंथरा, तीन फुटांवर नाणं ठेवा, सलग दहा वेळा नाण्यावरून बॉल गेला पाहिजे, एक चुकला की पुन्हा शून्यापासून. आठवा, नववा, दहावा मारताना घरच्या घरी हात थरथरतो आणि तोच तर सराव हवाय. आठ फुटांवरून व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात, त्यामुळे ते चुकले तर वाईट वाटून घेऊ नका, तीन फुटांवरचे सोडू नका एवढंच.

आणि आपल्याकडे जे पुण्या-बंगळुरूवाल्यांकडे नाही ते म्हणजे पुळण. ओहोटीला, सकाळी माणसं यायच्या आधी, ओल्या घट्ट वाळूवर काठीने सरळ रेघ ओढा. बॉल घ्यायचा नाही, अजिबात नाही, फक्त क्लब. रेघ म्हणजे बॉल. आयर्नचा घाव रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला पडला पाहिजे, मागे पडला तर कोर्सवर तुम्ही बॉलच्या आधी जमीन मारताय. मग वर कोरड्या भुसभुशीत वाळूत जा आणि सँड वेजने रेघेच्या दोन इंच मागे क्लब शिरतो का बघा, तो झाला बंकर शॉट. वाळू खोटं बोलत नाही, घाव तसाच समोर दिसतो. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी कासवांच्या अंड्यांचा मोसम असेल तेव्हा मात्र हे करूच नका. जाळी पसरलेली असतील तिथेही नाही. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवून पुसा, खाऱ्या वाळूने लगेच गंज धरतो.

वारा आणि पाऊस यांचा दोष स्विंगवर ढकलणं

किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. सकाळी सातला जो होल आठ नंबरने गाठला तोच अकराला सहा नंबर मागू शकतो. बॉल कमी पडला की लोक जोर लावतात, जोराने स्पिन वाढतो, वाऱ्यात बॉल आणखी वर चढतो आणि आणखी कमी पडतो. एक-दोन क्लब जास्त घ्या आणि हळू मारा. घामासाठी दोन ग्लोव्ह आलटून पालटून वापरा, बॅगेला एक सुती पंचा बांधून ठेवा. कोकम सरबत मीठ घालून बाटलीत न्या, शेवटच्या चार-पाच होलवर जे वेडेवाकडे निर्णय होतात त्यात पाणी कमी पडणं हे मोठं कारण असतं.

पावसात मोफत मिळणारी सवलत सोडू नका. साचलेल्या पाण्यात उभं राहावं लागत असेल, किंवा बंकरबाहेर बॉल स्वतःच्याच आघाताने मऊ जमिनीत रुतला असेल, तर पेनल्टीशिवाय ड्रॉप मिळतो. बॉल शोधायला पूर्वी ५ मिनिटं होती, २०१९ पासून ३ आहेत, म्हणून झाडीत गेल्यासारखा वाटला की लगेच "प्रोव्हिजनल" (तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगून दुसरा मारा. नाहीतर बॉल सापडला नाही की परत टीपर्यंत सगळ्यांच्या नजरा झेलत चालत येणं, त्या चालण्यानेच पुढचे दोन होल जातात.

शेवटच्या होलांवर बेरीज करणं

पंधराव्या होलवर कोणीतरी म्हणतं "अरे तू ९० च्या आत येतोयस!" आणि संपलं. आत्तापर्यंत बॉल बघत होता, आता आकडा बघतोय. यावर एकच उपाय मी लोकांना काम करताना पाहिलाय, कार्ड सोबतच्या खेळाडूकडे द्या आणि बेरीज शेवटी करू असं सुरुवातीलाच ठरवा. स्वतःसाठी तीन-तीन होलचे सहा छोटे राउंड पाडा, प्रत्येकाचं उद्दिष्ट तेच, तीन होलमध्ये एकही फुली नको. तेरा-चौदा-पंधरामध्ये काय झालं ते सोळाव्याच्या टीवर संपलं. सतरावर पाण्यापलीकडचा झेंडा असेल तर झेंडा बघू नका, ग्रीनचा मधला भाग बघा आणि मागच्या कडेपर्यंत पोचेल तो क्लब घ्या, कारण हौशी माणसाचा बॉल लांब जाण्यापेक्षा कमीच पडतो.