मी न पाठवलेल्या मेल माझ्या नावावर

सकाळी इनबॉक्स उघडला तर 'मेल पोहोचली नाही' अशा दोनशेवर सूचना. पाठवणारा म्हणून पत्ता माझ्याच डोमेनचा, पण 'अकाउंट्स' नावाचा. असा पत्ता मी कधी तयारच केला नव्हता.

अशा वेळी हॅक झालो म्हणून लगेच घाबरू नका. आधी सेंट फोल्डर आणि लॉगिनची नोंद बघा. मग परत आलेली एखादी मेल उघडा. बहुतेकदा तिला मूळ मेलचे हेडर (ती कुठून कशी आली याच्या ओळी) जोडलेले असतात. त्यातल्या 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचायच्या. सगळ्यात खालच्या ओळी खोट्या असू शकतात, पण मेल घेणाऱ्या सर्व्हरने स्वतः टाकलेल्या ओळीवर भरवसा ठेवा. तिथला आयपी (पाठवणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक) तुमच्या मेल सर्व्हरचा नसेल, तर खात्यात कोणी शिरलेलं नाही, फक्त नाव वापरलंय. पाकिटामागे प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, तसंच हे. मेलचा मूळ नियम १९८२ चा, त्यात ओळख तपासायची सोयच नव्हती.

सूचनांचा पूर आला तो माझ्या 'कॅच-ऑल'मुळे. डोमेनवरच्या कुठल्याही नावाची मेल मी घेत होतो. ते आधी बंद केलं.

मग डीएनएस, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदी. त्यातल्या एसपीएफ या नोंदीत तुमच्या वतीने मेल पाठवणारे सर्व्हर लिहायचे. नोंद एकच हवी (दोन झाल्या की तपासणीच फसते) आणि तिच्यात दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागता कामा नयेत. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डोमेनची डिजिटल सही करतं. पण एसपीएफ बघतं तो पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता. वाचणाऱ्याला दिसतं ते आतलं 'फ्रॉम'. या दोघांची सांगड डीमार्क ही तिसरी नोंद घालते, म्हणून तिच्याशिवाय बाकीचं अर्धवटच.

डीमार्कमध्ये मी घाईघाईत थेट 'रिजेक्ट' (न जुळणारी मेल नाकारा) लिहिलं. चार दिवस माझीच बिलं ग्राहकांना गेली नाहीत! बिलांची मेल दुसरीच सेवा पाठवत होती, पाकिटावर तिचं डोमेन आणि माझ्या डोमेनची सही नाही. तेव्हा सुरुवात 'नन'ने (काहीच अडवू नका) करा आणि अहवाल कुठे यावेत तो पत्ता द्या. अहवाल एक्सएमएलमध्ये येतात, वाचायला रूक्ष, पण आयपी आणि मेलची संख्या एवढंच बघायचं असतं. आपले सगळे आयपी पास व्हायला लागले की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट'.

चिडून लिहिणाऱ्यांना दोन ओळींत उत्तर द्या: ती मेल आमची नाही, लिंक उघडू नका. स्पॅमरला मात्र उत्तर नकोच.

एका अक्षराच्या फरकाने घेतलेलं जुळं डोमेन यातलं काहीच अडवत नाही. त्याची तक्रार ते ज्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) नोंदलंय तिथे करावी लागते. आणि नुसतंच घेऊन ठेवलेलं, मेल न पाठवणारं डोमेन असेल, तर त्याला 'कोणालाच परवानगी नाही' असं एसपीएफ आणि पहिल्या दिवसापासून 'रिजेक्ट' लावा. तिथे अडकायला बिलं नसतात.