फूटपट्टी, गाबोळी आणि समुद्राचा अभ्यास

मी लातूर जिल्ह्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत गणपतीपुळ्याला. दोन वर्षांनी सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा आईने एकच विचारलं, "तुला पोहता कुठं येतंय?" येत नव्हतंच. डॉल्फिनचे व्हिडिओ बघून या वाटेला लागणारी मुलं आता मला फोन करतात, तेव्हा त्यांना आधी सांगतो की माझी पहिली दोन वर्षं पाण्यात नाही, मासळीच्या धक्क्यावर गेली. हातात फूटपट्टी आणि समोर बर्फातली मासळी.

प्रवेशाचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे फार गोंधळ होतो. बारावी विज्ञाननंतर मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी वेगळी, आणि प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून मग सागरी विज्ञानात एम.एस्सी. करणं वेगळं. मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, म्हणजे वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी, बहुतेक विषयांना ती चार वर्षांची पदवीच लागते. प्राणिशास्त्रवाले तिथे दारातच अडतात. मला हे पदवी हातात पडल्यावर कळलं. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं रत्नागिरीला शिरगावात आहेत, नागपूरला आहेत आणि गंमत म्हणजे आमच्या उदगीरलाही आहे. घरापासून एसटीने जाण्याच्या अंतरावर! ते मला गोव्यात एका सहाध्यायीने सांगितलं. दुसरा रस्ता, म्हणजे प्राणिशास्त्रवाल्यांचा, गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसाट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) अशा ठिकाणी जातो. पुढे संशोधन करायचं तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. त्यात लाइफ सायन्सेससोबत भूविज्ञान, वातावरण आणि महासागर असाही एक पेपर असतो. गणित-भौतिकशास्त्रातून आलेल्यांनी तो जरूर बघावा, समुद्र फक्त जीवशास्त्रवाल्यांचा नाही.

आता धक्का. एम.एस्सी. संपल्यावर एका प्रकल्पात लागलो. काम असं की पहाटे चारला बंदरावर जायचं, ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) आणि डोल जाळीच्या, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या होड्या लागल्या की टोपल्यांतून नमुना घ्यायचा, जाती ओळखायच्या, लांबी-वजन लिहायचं. सगळं लिलाव सुरू व्हायच्या आत. लिलाव सुरू झाला की तुम्ही कुठल्याही संस्थेचे असा, पायात येणारा माणूस एवढीच तुमची ओळख. टोपल्यांच्या तळाशी कुटा असतो, म्हणजे विकायला न जाणारी बारीकसारीक मासळी. नवखे त्याकडे बघत नाहीत. मी म्हणेन, कुटा आधी बघा. मोठी होण्याआधीच जाळ्यात आलेली पिल्लं त्यातच सापडतात.

माझी सर्वांत मोठी चूक या धक्क्यावरच झाली. पापलेटच्या शेपटीला खोल खाच असते. तोंडापासून खाचेपर्यंत मोजलं तर एक लांबी, शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर दुसरी. मी काही दिवस एक मोजली, मग कोणाचं तरी बघून दुसरी, आणि वहीत नुसतंच "लांबी" लिहिलं. तीन आठवड्यांनी आलेख काढला तर पापलेटांच्या दोन वेगळ्या पिढ्या असल्यासारखे दोन उंचवटे. मी खूश, काहीतरी सापडलं! मार्गदर्शक बाईंनी वही चाळली आणि शांतपणे विचारलं, "ही कुठली लांबी?" एका लांबीवरून दुसरी काढायची सूत्रं असतात, पण आधी कुठली मोजली ते माहीत हवं ना. तीन आठवड्यांच्या पहाटा केरात.

हे आकडे कशाला लागतात? ज्या लांबीला एखाद्या जातीच्या निम्म्या माद्या प्रजननक्षम झालेल्या असतात, ती लांबी काढायची असते. त्याहून लहान मासे उचलत राहिलं तर पुढच्या हंगामाला अंडी घालणार कोण? २०२३मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा ठरवलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. त्यामागे अशाच वह्या आहेत, माझ्या त्या तीन आठवड्यांसारख्या नसलेल्या.

मादी तयार आहे का हे बघायला पोट फाडून गाबोळी, म्हणजे आतली अंडी, तपासतात. सुरुवातीला मी दिसेल तो मासा फाडत होतो आणि त्याचे पैसे प्रकल्पातून जात होते. एक कोळीण मावशी बरेच दिवस बघत होती. शेवटी म्हणाली, "पोरा, आधी पोट दाबून बघ, मग सुरी लाव." ती बोटानेच सांगायची, यात आहे, यात नाही, ही अंडी टाकून मोकळी झाली. मी तिचे अंदाज वहीच्या कडेला लिहून फाडून पडताळले. ती क्वचितच चुकली. अर्थात बोटाच्या अंदाजावर आलेख काढता येत नाही, त्यामुळे फाडणं सुटलं नाही, पण कुठले मासे विकत घ्यायचे ते कळलं. ढोमा नावाच्या माशाच्या डोक्यातला पांढरा खडाही पहिल्यांदा तिनेच काढून दाखवला. आम्ही त्याला ओटोलिथ म्हणतो. तो कापून घासला की सूक्ष्मदर्शकाखाली झाडासारखी वलयं दिसतात आणि वय काढता येतं. थंड समुद्रात ती स्पष्ट असतात. आपल्याकडे ऋतूंमधला फरक कमी, म्हणून वलयं पुसट, आणि दोन माणसांनी मोजली की दोन उत्तरं येतात. तेव्हा दोघांनी एकमेकांचं न बघता मोजायचं. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू.

ताजं संशोधन म्हटलं की मुलांना उपग्रह आठवतात. तेही आहेच. २०२२मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच ऑलिव्ह रिडली कासवांना ट्रान्समीटर लावले, पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोघींना. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पण मला जास्त आवडलेली गोष्ट साध्या धातूच्या पट्टीची आहे. २०२१मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती. २०२५च्या जानेवारीत तीच मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असं आजवर धरून चाललेलं. ते त्या पाच आकड्यांनी हलवलं. ट्रान्समीटर काही महिन्यांत गप्प होतात, पट्टी वर्षानुवर्षं राहते. फक्त रात्रीच्या अंधारात कोणीतरी तो आकडा नीट वाचून नीट लिहायला हवा.

धक्का ज्यांना झेपणार नाही त्यांनीही निराश होऊ नये. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगक, म्हणजे आपोआप मोजमाप करणारी तरंगती यंत्रं, सोडलेली आहेत. दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येत ते तापमान आणि क्षारता मोजतात, आणि ही माहिती कोणालाही फुकट मिळते. भारतात ती हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातून हाताळली जाते. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरात, म्हणजे लातूरकरांना लाजायचं कारण नाही. असे आकडे हाताळायला आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एक पहिल्या वर्षीच शिका. मी उशिरा शिकलो आणि एक्सेलमध्ये वर्ष घालवलं.

पैशाचं सांगायचं तर नेट-जेआरएफ, म्हणजे त्या परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. प्रकल्पातली नोकरी त्याहून कमी पैशांची असते आणि प्रकल्पासोबत संपते. दोन प्रकल्पांच्या मधले चार-पाच महिने घरी बसण्याची तयारी ठेवा, घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. तेव्हा धक्का रिकामा असतो, आणि आम्ही वर्षभराचे खडे घासत बसतो. माझ्या नव्या वहीच्या प्रत्येक पानावर आता लांबीचे दोन रकाने छापलेले आहेत. गेल्या जुलैत मावशीला ती वही दाखवली. तिने दोन्ही रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, "आणि गाबोळीचा कुठाय?"