टेनिस डबल्समध्ये या चुका टाळा: मधला चेंडू नक्की कुणाचा?

"अरे, तो तुझा होता!"
"मला वाटलं काका घेतील."

इंदूरच्या कुठल्याही कोर्टावर, मग ते क्लबचं असो की कॉलनीतलं, रविवारी सकाळी हा संवाद हमखास कानावर पडतो. पुतण्या वयाचा मान राखून चेंडू सोडतो, काका त्याच्या तरुण पायांवर भरवसा ठेवून सोडतात, आणि पॉइंट समोरचे घेऊन जातात. आपल्याकडे डबल्स हरण्याचं कारण बहुतेक वेळा कमकुवत बॅकहँड नसतं. दोघं जण शेजारी-शेजारी उभे राहून आपापलं सिंगल्स खेळत असतात, तिथे गाडी अडते.

मधूनच मारा का होतो, ते आधी बघा. नेट मध्यभागी ३ फूट उंच असतं आणि खांबांजवळ साडेतीन फूट. म्हणजे मधून मारणाऱ्याला सहा इंच फुकट मिळतात. शिवाय मधून आलेल्या चेंडूवर तुम्हाला तिरका कोन काढणं अवघड जातं, आणि वर गोंधळ होतो तो वेगळाच. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधीच ठरवा: ज्याचा फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) मधे येतो, त्याने घ्यायचा. दोघं उजवे असतील तर हा डावीकडचा, म्हणजे ॲड साइडचा खेळाडू. जोडीदार नेटच्या जास्त जवळ असेल आणि चेंडू त्याच्या आवाक्यात असेल, तर मात्र त्याने घ्यावा. आणि "माझा!" हे चेंडू नेट ओलांडायच्या आत ओरडायचं. काकांवर ओरडायला संकोच वाटतो, हे खरं. पण तो मान कोर्टाच्या फाटकाबाहेर ठेवा, बाहेर पडताना परत उचला.

याचा सराव सोपा आहे. दोघांनी नेटवर उभं राहायचं, तिसऱ्याने बेसलाइनवरून मधोमध चेंडू द्यायचे. कुणीच आवाज दिला नाही तर व्हॉली (चेंडू जमिनीवर पडायच्या आत मारलेला फटका) कितीही सुंदर बसली तरी पॉइंट गेला. पंधरा मिनिटांत फरक दिसू लागतो.

दुसरी चूक मला सगळ्यात महागडी वाटते: नेटवरचा प्रेक्षक. जोडीदार सर्व्ह करतोय आणि हे महाशय ॲलीजवळ, म्हणजे फक्त डबल्समध्ये धरल्या जाणाऱ्या कडेच्या पट्ट्याजवळ, रॅकेट धरून लाइनची राखण करताहेत! ॲली साडेचार फुटांची, आणि कोर्टाची पूर्ण रुंदी ३६ फूट. त्या साडेचार फुटांसाठी आपण मधलं सगळं रान मोकळं सोडतो. बहुतेकदा मुळाशी असतो एक जुना घाव: कुणीतरी कधीतरी लाइनवरून पास केलेलं असतं, आणि ते मनातून जात नाही. जाऊ द्या. सेटमध्ये दोन-तीन वेळा लाइनवरून मार बसत असेल तर बसू द्या. एकदाही बसला नाही, तर तुम्ही पुरेसे मधे सरकत नाही आहात.

उभं राहायचं ते साधारण सर्व्हिस बॉक्सच्या (नेटजवळचा, सर्व्ह जिथे पडायला हवा तो चौकोन) मध्यावर. जोडीदाराचा सर्व्ह बाहेरच्या बाजूला गेला तर एक पाऊल ॲलीकडे, टी वर (मधली रेषा सर्व्हिस लाइनला मिळते तिथे) पडला तर एक पाऊल मधे. समोरचा मारायला रॅकेट मागे नेतो, तेव्हा हलकी उडी घेऊन दोन्ही पायांवर तयार. पोच (poach, म्हणजे जोडीदाराकडे जाणारा चेंडू मधेच जाऊन मारणं) करायचा तर नेटला समांतर पळू नका, तिरकं पुढे जा आणि चेंडू समोरच्या नेटवाल्याच्या पायात मारा. लवकर निघालात तर रिटर्न करणारा लाइनवरून मारेल, म्हणून त्याची नजर चेंडूवर उतरली की मगच. एकदा निघालात की मागे फिरणं नाही. रिकामी झालेली बाजू सर्व्ह करणाऱ्याने भरायची. सरावाला नियम लावा: प्रत्येक गेममध्ये किमान दोनदा पोच करायचाच, चुकला तरी चालेल.

"आता पाय चालत नाहीत" ही सबब मला फारशी पटत नाही. २०१४ मध्ये इंदूर टेनिस क्लबवर भारताने डेव्हिस कपमध्ये चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, त्या संघात रोहन बोपण्णा होता. त्यानंतर दहा वर्षांनी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स जिंकलं. डबल्समध्ये योग्य जागी उभं राहिलं की पळायचं बरंच वाचतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिला सर्व्ह जीव खाऊन मारू नका. थोडा वेग कमी करून टी वर टाका, म्हणजे आपल्या नेटवाल्याला काम मिळतं. एकच सर्व्ह मिळेल असा नियम लावून गेम खेळलात की ही शिस्त आपोआप येते. रिटर्न समोरच्या नेटवाल्याच्या हातात देऊ नका. त्यासाठी अर्ध्या कोर्टावर, ॲली धरून, फक्त क्रॉसकोर्ट (तिरके, कोपऱ्यातून कोपऱ्यात) पॉइंट खेळा. चेंडू सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला तरच मोजायचा. डोक्यावरून लॉब (उंच उडवलेला चेंडू) गेला तर मागचा जोडीदार तिरका धावेल, नेटवाल्याने लगेच बाजू बदलायची. तिथेच उभं राहून "गेला, गेला" म्हणून काही होत नाही.

आणि एक गोष्ट फार थोडे जण ध्यानात घेतात. सर्व्हचा क्रम आणि बाजू बदलण्याचे नियम असे जुळलेले आहेत की डबल्समध्ये प्रत्येक जण अख्खा सेट एकाच टोकाकडून सर्व्ह करतो. आपली बरीच कोर्टं उत्तर-दक्षिण असतात, आणि हिवाळ्यात दुपारकडे सूर्य दक्षिणेला खाली असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून टॉस करणाऱ्याचे, म्हणजे सर्व्हसाठी चेंडू वर उडवणाऱ्याचे, डोळे दिपतात. तेव्हा ज्याचा टॉस उन्हात सापडतो, त्याला दुसऱ्या टोकाकडून सर्व्ह द्या. नवा सेट सुरू होताना क्रम बदलायची मुभा असते, आणि रिटर्नच्या बाजूही तेव्हाच बदलता येतात. सेटच्या अधेमधे "तू इकडे ये" चालत नाही.