काळी चार आणि चौथा फ्रेट

ऑर्केस्ट्रातल्या माझ्या पहिल्याच तालमीत गायिका म्हणाली, "हे माझ्या काळी चारमधून घेऊ." कीबोर्डवाल्याने पट्टी बदलणारं ट्रान्स्पोजचं बटण दाबलं. ढोलकीवाल्या काकांनी पाना फिरवून ढोलकी चढवली. अर्ध्या मिनिटात सगळे तयार. मी गाणं रेकॉर्डवरून ए मेजरमध्ये घोटून नेलं होतं. काळी चार म्हणजे जी शार्प, हे डोक्यात जुळेपर्यंत मुखडा संपला होता. मी वाजवतो त्या बेस गिटारला, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या चार तारांच्या गिटारला, ट्रान्स्पोजचं बटण नसतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवारी, सणासुदीला कार्यक्रम, असं तेव्हापासून चालू आहे. डोंबिवली, ठाणे, पनवेल, कधी रत्नागिरीकडे. गणपती, नवरात्र, सार्वजनिक पूजा, लग्नाचे संगीत समारंभ, नाट्यगृहातले गाण्यांचे कार्यक्रम. बेस शिकणारी बरीच मुलं आता विचारतात, "दादा, सुरुवात कशी करायची?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रॉक बँडसाठी शिकवणारे खूप आहेत. आपल्याकडच्या मंचावर ढोलकी, ऑक्टोपॅड आणि पेटीच्या पट्टीच्या सोबतीने बेस कसा वाजवायचा, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आधी पट्टी. मराठी गायक सी शार्प म्हणत नाही, काळी एक म्हणतो. तेव्हा पेटीची पट्टी फ्रेटवर, म्हणजे बेसच्या मानेवर धातूच्या कांबींनी पाडलेल्या घरांवर, बसवून घ्या. सगळ्यात जाड तार म्हणजे ई. तिचा पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, सहावा काळी पाच. शेजारच्या ए तारेवर तिसरा फ्रेट पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन. एवढं पाठ झालं की निम्मी धडधड कमी होते. पुढचं काम बेसची रचनाच करते. चारही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. षड्ज जिथे धराल, त्याच फ्रेटवर पुढच्या तारेला मध्यम मिळतो. तिथून दोन फ्रेट पुढे पंचम, आणि त्याच्याही पुढच्या तारेला पंचमाच्याच फ्रेटवर वरचा सा. हा हाताचा आकार कुठेही उचलून न्या, सरगम बदलत नाही. काळी चारचा आकार काळी पाचला न्यायचा तर फक्त दोन फ्रेट सरकायचं. म्हणून पहिले सहा महिने मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारांचा मोह टाळा. रेकॉर्डवरचं गाणं मोकळ्या ए तारेवर बसवाल आणि गायिका काळी चार सांगेल, तेव्हा हात अडकतो. माझा तसाच अडकला होता.

दुसरी गोष्ट मला ढोलकीवाल्या काकांनी शिकवली आणि ती माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. त्या तालमीनंतर पुढच्या रविवारी मी पट्टी नीट करून गेलो. सूर बरोबर, लय बरोबर, तरी गाणं जड चाललं होतं. काका तोपर्यंत काही बोलले नव्हते. अंतऱ्यानंतर ते उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला तळवा माझ्या तारांवर ठेवला. आवाज बंद झाला. म्हणाले, "बाळा, तू वाजवतोस ते बरोबर आहे. पण तू थांबत नाहीस. माझा घुमारा तुझ्याखाली दबतोय."

त्या दिवशी त्यांनी मला आठ मात्रांचा केरवा बोलून दाखवला. धा गे ना ति, न क धिं ना. पहिल्या दोन मात्रांना डावा हात बोलतो, सातव्या मात्रेला धिंवर पुन्हा बोलतो. मधे तो गप्प असतो. डाव्या पुडीचा घुमारा आणि बेसचा खर्ज एकाच पट्ट्यात राहतात. शिवाय घुमारा सरकता असतो, मनगटाच्या दाबाने तो वर चढतो. त्याच वेळी बेसचा सूर सरळ ताणलेला राहिला की दोघेही गढूळ होतात. त्यांनी सांगितलेली वाट अशी: समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, माझ्याबरोबर वाजव, पण आखूड. डावा हात गप्प असतो तिथे तुझा सूर लांब धर. धिंच्या आधी हात उचल. आम्ही एकच मुखडा तासभर घोटला. तिसऱ्या-चौथ्या वेळी खोलीतली हवा मोकळी झाल्यासारखं वाटलं, आणि गायिका न सांगता हसली.

सूर कुठे सुरू करायचा हे सगळे शिकतात. तो कुठे संपवायचा हे फार कमी जण शिकतात, आणि बेसवाल्याची खरी किंमत तिथेच ठरते. याचा रियाज साधा आहे. मोबाइलवर केरव्याचा ठेका लावा आणि एकच सूर वाजवा. तो कधी एक मात्रा धरा, कधी अर्धी, कधी तीन. बंद करताना डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलू नका, फक्त दाब सोडा, बोट तारेला टेकलेलं राहू द्या. उजव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर टेकवून ठेवा, नाहीतर न वाजवलेल्या ताराही गुणगुणत राहतात. दादऱ्यालाही हेच करा. लावणीच्या ठेक्यात ढोलकीवाला बोलबाजीला सुटला की बेस जवळजवळ बाजूला ठेवा. तिथे फक्त समेचा सूर पुरतो.

ऑर्केस्ट्रात जागा मिळवायची तर हेही समजून घ्या की तुमची स्पर्धा दुसऱ्या बेसवाल्याशी क्वचित असते. बहुतेक ग्रुपमध्ये कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवतो. संयोजकाचा एका माणसाचा खर्च वाचतो. तुम्ही आल्यावर त्या कीबोर्डवाल्याला मोकळं वाटलं पाहिजे. मी तालमीत पहिल्यांदा सांगतो, "खालचं माझ्याकडे द्या, तुम्ही व्हायोलिनचे पीस भरा." दोघेही खाली वाजवत राहिले तर चिखल होतो. ऑक्टोपॅडवाल्याच्या किकचंही, म्हणजे पायाने वाजवायच्या खर्जाच्या ठोक्याचंही तसंच, तो कुठे वाजवणार हे त्याच्याशी एकदा बोलून घ्या.

कान तयार करायला जुनी हिंदी गाणी हेडफोनवर ऐका. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातल्या गाण्यांमध्ये बेस स्वतंत्र चालीसारखा फिरतो आणि तरी गायकाच्या आड येत नाही. महिन्याला एक गाणं घ्या आणि त्याचा बेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढा. नोटेशन येत नसेल तर सरगममध्ये लिहा, चालतं. पण कॉर्डचा तक्ता वाचता आलाच पाहिजे. बदली वादक म्हणून आयत्या वेळी बोलावणं येतं, तेव्हा हातात तोच कागद मिळतो.

आता वाद्य. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून प्रिसिजन. जॅझ बेस 1960 चा. आजही बाजारातले बहुतेक बेस या दोघांच्या वळणाचे असतात. नवशिक्याने चार तारांचाच घ्यावा. नेहमीचा बेस 34 इंची असतो, त्यामुळे मान लांब आणि फ्रेट रुंद. पहिला फ्रेट जवळजवळ 48 मिलिमीटरचा. खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका, मनगट दुखायला लागतं. पहिलं, दुसरं आणि करंगळी मिळून तीन फ्रेट धरा, बाकी हात सरकवा. तोल कसा आहे ते दुकानात उभं राहून, पट्टा खांद्याला लावून बघा. हात सोडल्यावर मान खाली पडणारा बेस तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा मोडतो. पट्टा रुंद घ्या. माझा पहिला बेस मी सेकंडहँड घेतला आणि उरलेल्या पैशांत सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवून घेणं, करून घेतला. महाग पण तारा उंच असलेल्या बेसपेक्षा नीट सेटअप केलेला साधा बेस केव्हाही बरा. पावसाळ्यात मान हलते, तारा उंच-खाली होतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या आधी एकदा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक जुळवणारी सळई, तपासून घ्या.

ॲक्टिव्ह, म्हणजे आत स्वतःचं सर्किट असलेला बेस घेतलात तर त्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल बेसला खोचली की ती चालू होते, वाजवा किंवा न वाजवा. जेवणाच्या सुट्टीत केबल काढून ठेवा. बॅटरी उतरताना आधी आवाज फाटल्यासारखा येतो, मग गायबच होतो. एका लग्नात वरात मांडवात शिरतानाच माझा गेला होता. तेव्हापासून गिगबॅगच्या खिशात एक नवी बॅटरी कायम असते.

ॲम्प्लिफायरबद्दल मुलांचे गैरसमज जास्त असतात. पहिला गैरसमज वॉटचा. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणून शंभरचा सोडून दीडशेचा ॲम्प घेतल्याने मंचावर काहीच बदलत नाही. दुसरा बेस नॉबचा. मोकळी ई तार 41 हर्ट्झची. त्या खोलीला माणसाचा कान मंद असतो, आणि छोट्या स्पीकरमधून ती नीट निघतही नाही. आपण सूर ओळखतो तो बराचसा त्याच्या वरच्या उपस्वरांवरून. मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर बेस नॉब वाढवू नका, त्याने फक्त गडगडाट वाढतो. मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, थोडा वर घ्या. एकटं वाजवताना तो आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण सगळे वाजवायला लागले की नेमका तोच ऐकू येतो. ॲम्प कोपऱ्यात भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, खालचे सूर फुगतात.

आपल्या मंचावर मोठा ॲम्प न्यायची गरज फारशी पडत नाही. स्वतःचा डीआय बॉक्स मात्र घ्याच. बेसचा सिग्नल तो साऊंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत लांब केबलवरून स्वच्छ पोचवतो. घरी रियाजाला छोटा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, पुरे. गिटारच्या ॲम्पवर मोठ्याने बेस वाजवू नका, त्याचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो. भाड्याने हेड (सुटा ॲम्प) आणि कॅबिनेट (सुटी स्पीकरची पेटी) मिळाली तर मागचे ओहम वाचा. आठ ओहमच्या दोन कॅबिनेट एकाच हेडला नेहमीप्रमाणे समांतर जोडल्या की भार चार ओहमचा होतो. हेडवर लिहिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. उघड्या मैदानावर, विशेषतः जनरेटर असेल तिथे, अर्थिंग विचारल्याशिवाय तारांना हात लावून माईकजवळ ओठ नेऊ नका. एका गावच्या पूजेच्या कार्यक्रमात मला ओठांना असा झटका बसला की दोन मिनिटं बोलता येईना. नशीब, तेवढ्यावर भागलं. खिशात टेस्टर ठेवा. माईकजवळ गेल्यावर ओठ चुरचुरतात, असं चिन्ह दिसलं तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. कार्यक्रमाला उशीर झाला तर होऊ द्या.

कानही जपा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला आठ तास चालतात, दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पाव तास. बेसवाला सहसा झांजांच्या शेजारी उभा असतो. इअरप्लग घ्या, आठवड्याभरात सवय होते.

पैशांचं आधी बोला. आपल्याकडे अजून हिशेब नाइटचा, म्हणजे एका कार्यक्रमाच्या मानधनाचा, असतो. नाइट किती, प्रवास कोणाचा, जेवण आहे का, तालमी किती, हे मेसेजवर लिहून घ्या. नव्या मुलांना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. एका संयोजकाने माझ्या तीन नाइट बुडवल्या, तेव्हापासून मी लिहून घेतो. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, सरकारने बारापर्यंत मुभा दिलेले सणाचे मोजके दिवस सोडून. त्यामुळे कार्यक्रम साडेसहा-सातलाच सुरू होतात आणि साऊंड चेक दुपारी असतो. अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागते, ती नाइटच्या हिशेबात धरा. लोकलने जाताना गर्दीच्या वेळी सरळ मालडब्यात चढा, मान वर करून बेस दोन पायांमध्ये उभा धरा.

कार्यक्रम संपल्यावर कितीही उशीर झालेला असो, तारा कोरड्या फडक्याने पुसा. आपल्या घामाने आणि दमट हवेने त्या महिन्याभरात मरतात. मग वही काढा. माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे गायकाचं नाव, पट्टी, ठेका आणि सूर कुठे सोडायचा त्या जागा लिहिलेल्या आहेत. सुरुवातीची पानं काकांनी स्वतः बसून लिहून दिली होती. पहिल्याच गाण्यापुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात आहे: काळी चार, केरवा, धिंच्या आधी हात उचल.