गॅबॉनच्या जंगलात जायचंय? बेत असा आखा

केनिया-टांझानियाची सफारी करून आलेले लोक पुढचा प्रश्न विचारतात, "आफ्रिकेत अजून वेगळं काय?" वेगळं हवं असेल तर पश्चिमेकडे सरका, विषुववृत्तावरच्या घनदाट जंगलात. मध्य आफ्रिकेतला गॅबॉन आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, पण लोकसंख्या जेमतेम पंचवीस लाख. म्हणजे एकट्या पुण्यापेक्षाही कमी. देशाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. जगात उरलेल्या वनहत्तींपैकी, म्हणजे आफ्रिकी हत्तींच्या जंगलात राहणाऱ्या लहान जातीपैकी, निम्म्याहून अधिक इथे राहतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत त्यांची इथली संख्या 95 हजारांच्या आसपास निघाली.

मध्य आफ्रिकेतला पहिलाच प्रवास असेल तर मी गॅबॉनच सुचवेन. पूर्व काँगोतलं विरुंगा राष्ट्रीय उद्यान अप्रतिम आहे, पण 2025 च्या जानेवारीत त्याच्या जवळचं गोमा शहर बंडखोरांच्या ताब्यात गेलं. तिथली परिस्थिती बघता तो बेत सध्या नको. गॅबॉनमध्येही 30 ऑगस्ट 2023 रोजी लष्कराने सत्ता हातात घेतली होती. त्यानंतर एप्रिल 2025 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि त्याच उठावाचे नेते ऑलिगी न्गेमा निवडून आले. तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

आधी अपेक्षा ठरवा

हे पहिल्यांदा सांगतो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. मसाई मारात जीपमधून एका सकाळी दहा प्रकारचे प्राणी दिसतात. गॅबॉनच्या जंगलात पंधरा-वीस फुटांपलीकडचं दिसत नाही. तासन्‌तास चालायचं, चिखल तुडवायचा, घामावर येणाऱ्या बारीक माश्या डोळ्यांच्या कडांवर बसू द्यायच्या आणि मग कधीतरी समोरच्या झुडपातून फांदी मोडल्याचा आवाज येतो. प्राणी मोजून किती दिसले याचा हिशोब करणाऱ्यांसाठी हा देश नाही. सात दिवसांत चार उद्यानं उरकायचा बेत तर इथे हमखास फसतो. दोन आठवड्यांत दोन ठिकाणं आणि मध्ये मोकळे दिवस हे गणित धरून चाला.

मोसम निवडा, मग तारखा

जून ते सप्टेंबर हा लांब कोरडा काळ. आभाळ बहुतेक वेळा ढगाळ, पण पाऊस नाही, रस्ते चालू आणि पायवाटा बऱ्या. लोपे राष्ट्रीय उद्यानातल्या मँड्रिल माकडांसाठी आणि किनाऱ्याजवळ येणाऱ्या हंपबॅक देवमाशांसाठी जुलै ते सप्टेंबर उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जोरात असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत थोडी उघडीप मिळते आणि मग मे महिन्यापर्यंत पुन्हा पाऊस.

पावसाळ्याला लगेच नाही म्हणू नका. लोआंगो राष्ट्रीय उद्यानाच्या समुद्रकिनाऱ्यावर हत्ती, रानरेडे आणि पाणघोडे दिसण्याची शक्यता त्याच काळात जास्त असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. राजधानी लिब्रव्हिलहून बोटीने खाडी ओलांडली की पोंगारा उद्यानात ती बघता येतात. तुम्हाला काय बघायचंय ते आधी ठरवा, महिना त्यावरून ठरेल. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचा मोह होईल, पण ते दिवस ऐन पावसाचे.

ठिकाणं दोनच, पण नीट

2002 साली अध्यक्ष ओमार बोंगो यांनी एका फटक्यात 13 राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. त्यामागे माइक फे या अमेरिकन संशोधकाची पायपीट होती. 1999-2000 मध्ये तो काँगोच्या जंगलातून गॅबॉनच्या किनाऱ्यापर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालत आला. पहिल्या खेपेला या तेरांतली दोन घ्या: लोपे आणि लोआंगो.

लोपेला रेल्वेने जाता येतं. ओगुए नदीच्या काठी जंगल आणि गवताळ माळ एकमेकांत मिसळलेले आहेत. हे माळ हिमयुगापासून टिकून राहिलेले. त्यांच्यावर जंगल चढू नये म्हणून कोरड्या मोसमात उद्यानाचे कर्मचारी ते ठरवून जाळतात. नदीकाठच्या खडकांवर प्राचीन कोरीव चिन्हं आहेत आणि 2007 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. इथलं खरं आकर्षण म्हणजे मँड्रिल. शेकडोंचा कळप जंगलाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाताना माळ ओलांडतो. आधी नुसता गलका ऐकू येतो, किंचाळ्या आणि घोगरे हुंकार. मग एकेक करून माकडं उघड्यावर येतात आणि ओळ संपतच नाही. मोठ्या नरांच्या नाकाचा लालभडक पट्टा दुर्बिणीशिवायही ओळखू येतो.

लोआंगोत जंगल थेट अटलांटिकच्या वाळूत उतरतं. तिथे माणसांना सरावलेला गोरिलांचा एक कळप आहे. रोज मोजक्याच पर्यटकांना परवानगी मिळते, त्यामुळे हे आरक्षण विमानाच्या तिकिटाआधी करा. गोरिला आपल्या इतके जवळचे की आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. मास्क लावायचा, गाईड सांगेल तेवढं अंतर राखायचं आणि नाक वाहत असेल तर पैसे गेले तरी त्या दिवशी जायचं नाही. याबाबतीत मी कुठलीही सबब ऐकून घेणार नाही.

अंगात रग असेल आणि दिवस हाताशी असतील तर तिसरं ठिकाण इविंदो. मकोकूहून पिरोगमधून, म्हणजे लांबट लाकडी होडीतून, कोंगू धबधब्यापर्यंत जाता येतं. 2021 मध्ये हे उद्यानही जागतिक वारसा झालं.

लस आणि कागदपत्रं

पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत जे.जे. रुग्णालयात सोय आहे, बाकी केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासून घ्या. प्रमाणपत्राचं हे पिवळं पुस्तक परतीलाही लागतं. ते नसेल तर मुंबई विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीपुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि दिल्लीत गॅबॉनचा दूतावास आहे. हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती जवळ ठेवा. विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते शब्दशः वाचा. जंगलात पाय मोडला तर जवळ मोठं रुग्णालय नाही.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे इथिओपियन एअरलाइन्सने लिब्रव्हिलला जाणं सोयीचं पडतं.

देशातला प्रवास

लिब्रव्हिलजवळच्या ओवेंडोहून फ्रान्सव्हिलपर्यंत जाणारी ट्रान्सगॅबॉनेझ ही साडेसहाशे किलोमीटरची एकेरी रेल्वे 1986 च्या अखेरीस पूर्ण झाली. मोआंदाच्या खाणींतलं मँगनीज याच रुळांवरून बंदराकडे जातं, त्यामुळे गाडीला उशीर होतो तो तासांच्या हिशोबात. लोपेला ती बहुधा मध्यरात्री पोचते. उतरल्यावर न्यायला कोण येणार ते आधी पक्कं करा आणि तिकिटासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. एसी डब्यात गारठा असतो, शाल हाताशी हवी.

लोआंगोसाठी पोर्ट-जेंटिलपर्यंत छोटं विमान आणि पुढे बोट किंवा गाडी असा मार्ग आहे. देशांतर्गत विमानांच्या वेळा बदलतात. म्हणून आंतरराष्ट्रीय परतीच्या आधीचे दोन दिवस लिब्रव्हिलमध्ये मोकळे ठेवा. हे दिवस वाया जात नाहीत. परतीचा प्रवास वेळेवर झाला तर त्यात लांबारेने हे गाव बघून होतं. युरोपातून आलेले डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1913 मध्ये तिथे सुरू केलेलं रुग्णालय आजही चालू आहे. पोंगाराही जवळच आहे.

रस्त्यावर पोलिसांच्या चौक्या बऱ्याच लागतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स गाडीत ठेवा, शांतपणे बोला. विमानतळ, लष्कर आणि सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका.

पैसा, भाषा, जेवण

चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक. एका युरोला 655.957 फ्रँक हा दर पक्का बांधलेला आहे, म्हणून डॉलरपेक्षा युरो न्या. कार्ड मोठ्या हॉटेलांपलीकडे फारसं चालत नाही. मोबाइलवर पैसे देण्याची पद्धत मात्र रुळलेली आहे आणि आपल्या ओळखीचं एअरटेल तिथेही आहे. लोपेला निघण्याआधी राजधानीतूनच रोख काढून घ्या. देश स्वस्त नाही, हेही धरून चाला.

भाषा फ्रेंच. इंग्रजी फार थोड्यांना येतं. बोलण्याची सुरुवात 'बोंजूर'ने करा. नमस्कार न करता थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. फोनमध्ये फ्रेंच भाषांतर ऑफलाइन उतरवून ठेवा. 2010 मध्ये गॅबॉनने कच्चे ओंडके निर्यात करायला बंदी घातली. तेव्हापासून लिब्रव्हिलजवळच्या न्कोक औद्योगिक क्षेत्रात प्लायवूड आणि व्हिनिअरचे बरेच भारतीय कारखाने आले आहेत. त्यामुळे राजधानीत हिंदी कानावर पडलं तर नवल नाही.

शाकाहारी लोकांनी तयारीनेच जावं. भात, तळलेली केळी आणि पानात गुंडाळलेला कसाव्याचा (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचा) दांडा मिळतो. कसाव्याच्या पाल्याच्या भाजीत मात्र मासळी असू शकते, विचारून घ्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या सोबत असल्या की आतल्या भागातले दिवस सुखाचे जातात. बाजारात जांभळं आटांगा दिसलं तर जरूर घ्या. गरम पाण्यात टाकून मऊ झालं की मीठ लावून खातात, चव आंबट आणि लोण्यासारखी. रानातल्या प्राण्यांचं मांस मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी खाऊ नका. 1990 च्या दशकात ईशान्य गॅबॉनमध्ये इबोलाच्या साथी आल्या, त्यांतली एक मेलेल्या चिंपांझीच्या मांसातून सुरू झाली होती.

जंगलात उतरताना

सह्याद्रीत भर पावसात ट्रेक करणाऱ्यांची सवय इथे कामी येते: लवकर वाळणारे कपडे, पाणी बाहेर टाकणारे बूट, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत. निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. किनाऱ्यावर 'फुरू' नावाच्या बारीक चिलटांचा त्रास संध्याकाळी फार, तेव्हा पूर्ण बाह्या हव्यातच. जंगलात सगळ्यात मोठा धोका हत्तीचा, कारण तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. गाईड थांबला की थांबा, मागे फिरा म्हणाला की लगेच फिरा. फोटो राहिला तर राहू द्या.

मलेरिया वर्षभर असतो आणि तो घातक प्रकारचा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघायच्या आधीच सुरू करायच्या आणि परत आल्यावरही पुरा कोर्स घ्यायचा. काही गोळ्या आठवडाभर तर काही चार आठवडे. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन आलात तर इकडे व्हायरल आणि डेंग्यूचे दिवस असतात, म्हणून ताप त्याचाच असेल असं धरून बसू नका. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, "मी मध्य आफ्रिकेतून आलोय" हे पहिलं वाक्य असू द्या आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर पुन्हा करा.