कडधान्यातला भुंगेरा नेमका कोणता? उत्तर मागच्या मांडीत असतं

चवळीत भुंगेरे झाले की लोक पाठीचा फोटो काढतात आणि जात विचारतात. तेवढ्या फोटोवरून छातीठोकपणे जात सांगणारे महाभागही भेटतात. दोघांनाही माझं सांगणं एकच: किडा उलटा करा.

आधी हा बियांवर जगणारा भुंगेराच आहे ना, ते १० पटीच्या भिंगातून पाहून घ्या. तोंडाला सोंड नसते, वरचे कडक पंख आखूड असल्यामुळे पोटाचं टोक उघडं राहतं आणि मिशी फुटते तिथे डोळ्याला खोल खाच असते. सोंड दिसली तर तो सोंडकिडा, त्याचं कुळच वेगळं. (हा गोंधळ जुना आहे. १७५८ मध्ये वर्गीकरणशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या खुद्द लिनियसनेही यातल्या एका जातीला सोंडकिड्यांच्याच प्रजातीत टाकलं होतं.)

फ्रीझरमध्ये ठेवून मारा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर बी कोणतं ते लिहिताना मात्र प्रामाणिक राहा. किडा मुगाच्या गोणीवर फिरत होता म्हणून तो मुगातच वाढला असं होत नाही. भोकं पडलेले दाणे वेगळ्या बाटलीत ठेवा आणि त्यातून काय निघतं ते बघा. दाण्याला अंडी चिकटलेली आहेत का, हेही टिपून ठेवा. घेवड्यावरची अकँथोसेलिडिस ऑब्टेक्टस अंडी चिकटवत नाही, सुटी टाकते.

सोप्या जाती पाच मिनिटांत बाजूला होतात. मागच्या नडगीच्या टोकाला दोन हलणारे काटे असतील तर झॅब्रोटिस सबफॅसिएटस. मांडीखाली एक मोठा दात आणि त्यापुढे दोन-तीन बारीक असतील तर ऑब्टेक्टस. मांडी चांगलीच फुगीर, तिच्यावर कंगव्यासारखी दातांची ओळ आणि किडा शेंगदाण्यातून किंवा चिंचोक्यातून निघालेला, तर कॅरिडॉन सेरॅटस. नराच्या मिशा कंगव्यासारख्या आणि मानेमागच्या ढालीच्या मागच्या काठावर दोन पांढरे उंचवटे असतील, तर कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस.

खरी गोची पुढे आहे: कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस की कॅलोसोब्रुकस अ‍ॅनॅलिस?

मागच्या मांडीच्या खालच्या बाजूला दोन कडा असतात आणि मध्ये पन्हाळ. पाय मिटला की नडगी त्या पन्हाळीत बसते. दोन्ही कडांवर टोकाजवळ एकेक दात असतो, एक बाहेरचा, एक आतला. मॅक्युलॅटसमध्ये दोन्ही जवळपास सारखे. अ‍ॅनॅलिसमध्ये आतला अगदीच बारीक, किंवा नाहीच. चायनेन्सिसमध्ये आतला लांब, सडपातळ. वाचायला सोपं वाटतं, पण मी इथेच सपशेल आपटलो होतो.

एका खेपेला चाळीसेक किडे मी कार्डावर गोंदाने चिकटवले, बाजूने पाहिलं, एकच दात दिसला आणि सगळ्यांवर 'अ‍ॅनॅलिस' लिहून मोकळा झालो. महिनाभराने एकाचा पाय तुटून पडला, तो सहज भिंगाखाली धरला, तर बाहेरच्या दाताच्या मागे आतला तेवढाच मोठा दात! बाहेरून पाहताना पुढचा दात मागच्याला झाकतो आणि प्रत्येक मॅक्युलॅटसचा अ‍ॅनॅलिस होतो. त्यात मी गोंदही नेमका मांडीखालीच लावला होता. चाळीसच्या चाळीस किडे गरम पाण्यात भिजवून सोडवावे लागले.

म्हणून किडा चिकटवण्याआधीच एक मागचा पाय काढून घ्या. सुकलेला किडा बंद डबीत ओल्या टिपकागदावर रात्रभर ठेवा, नाहीतर सांधा सोडून मांडीच तुटते. मग सुईने नडगी पन्हाळीतून बाहेर ओढा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. पाय हात धुण्याच्या अल्कोहोल जेलच्या थेंबात बसवा, म्हणजे हवा तसा फिरवता येतो आणि तिथेच राहतो. ४० पटीखाली, उजेड एका बाजूने टाकून, आधी आतल्या अंगाने पाहा, मग सरळ खालून. दातावर फिकट लव असते. तिलाच दात समजू नका, ओल्या कुंचल्याने बाजूला सारा.

पाठीवरच्या ठिपक्यांना यात काडीची किंमत देऊ नका. मॅक्युलॅटसचे नर-मादी वेगळे दिसतात, आणि दाण्यात गर्दी व उष्णता वाढली की उडणारं दुसरंच रूप निघतं, त्याचा रंग आणखी निराळा. एका बाटलीतल्या एकाच जातीला तीन नावं दिलेली मी पाहिली आहेत.

दात पाहूनही शंका उरली तर नराचं जननांग काढावं लागतं. पोट काचेच्या नळीत १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून ती नळी गरम पाण्यात धरा, स्नायू विरघळले की धुवा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून पाहा. थेट ज्वाळेवर धरू नका, नळीतलं उसळून डोळ्यात जातं.

वर्गीकरण लिहिताना जुन्या पुस्तकातलं 'ब्रुकिडी' हे कुळ उतरवू नका. हे भुंगेरे आता क्रायसोमेलिडी कुळात, ब्रुकिनी उपकुळात धरले जातात. मादी एकटीच असेल आणि मागचे दोन्ही पाय गेलेले असतील, तर 'कॅलोसोब्रुकस, जात अनिश्चित' एवढंच लिहा. काढलेला पाय फेकू नका. किडा ज्या टाचणीवर आहे त्याच टाचणीवर छोट्या कार्डाला चिकटवून ठेवा, पन्हाळ वर करून.