छावणीतल्या संस्थेचा पैसा कुठे आटतो? या चुका टाळा

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधले सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत आले. मागोमाग पैसाही आला. तो आटणार हे दिसत होतं, तरी फार थोड्यांनी तजवीज केली. २०२३ च्या मार्चमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून १० वर आणावं लागलं, जूनमध्ये ८ वर. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर छोट्यांचं काय!

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे बांधायला पैसे मागायचे आणि चालवायला मागायचं विसरायचं. संडासांचंच बघा. तिथल्या कुटुपालोंग छावणीतल्या टेकड्यांच्या उतारावर संडास झटपट उभा राहतो, फोटो निघतो, देणगीदाराची पाटी लागते. मग खड्डा भरतो. त्या पायवाटांवरून टँकर जात नाही. मैला पंपाने, नाहीतर पिंपांत भरून न्यावा लागतो. हे काम कधी संपतच नाही, आणि प्रस्तावात नेमका त्याचाच खर्च धरलेला नसतो. 'एका संडासाला किती?' असं विचारू नका, 'वर्षाला किती?' विचारा. उपशाचे पैसे जेवढ्यांना पुरतील तेवढेच बांधा.

बांबूचंही तेच. छावणीत पक्की घरं बांधायला सरकारची मनाई, म्हणून बांबू आणि ताडपत्री. स्वस्तातल्या कच्च्या बांबूला कीड लागते, बारीक भोकांतून पिठासारखी पूड गळते आणि खांब पोकळ होतो. बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू महाग वाटतो, पण परत परत घ्यावा लागत नाही.

देणगीदार तीन आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. तिघांकडे पैसा एकाच सरकारकडून येत असेल, तर देणगीदार एकच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं.

कार्यालयाचा खर्च लपवणं ही आणखी एक खोड. हिशेबनीस, भाडं, ऑडिट फुकट होत नाही. प्रस्तावात सरळ लिहा. आपल्याकडे परदेशी देणगी घेणाऱ्यांना मात्र हात आखडावा लागतो: परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. भागीदारीचा करार करायचा असेल, तर हे आधी बघा.

आणि कपात करावीच लागली, तर छावणीतल्या स्वयंसेवकांना ती आधी सांगा. रेशनच्या रांगेत लोक त्यांनाच विचारतात.